माझ्या मुलीचं परहेज

शाबान संपत आला होता. येत्या रमजानमध्ये माझ्या नणंदेच्या मुलीची रोजाकुशाई करायची ठरली होती आणि घरात रोज त्याचीच चर्चा चालू होती. शरारा कोणत्या रंगाचा घ्यायचा, हार कुठून आणायचे, इफ्तारीला किती माणसं बोलवायची. माझी धाकटी तिच्याच वयाची, आठ वर्षांची. ती सगळं ऐकत होती, बोलत काहीच नव्हती. रात्री झोपण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे तिच्यापुढे नाचणीच्या खिरीची वाटी ठेवली, तेव्हा चमचा हातात धरूनच तिने विचारलं, "अम्मी, माझी रोजाकुशाई कधी?"

वर्गात मुलं दिवसभर प्रश्न विचारतात. उर्दूचा असो की मराठीचा, उत्तर तोंडावर असतं. या प्रश्नाला मात्र मी "आधी खीर संपव" एवढंच म्हणू शकले. खरं उत्तर द्यायचं तर मला आठ वर्षं मागे जावं लागलं असतं. ते तिला सांगणं अजून जमत नाही. इथे सांगते, कारण तिच्या आजारपणात माझ्या हातून जी चूक झाली ती आपल्या घराघरांत होते आणि चांगल्या मनाने होते.

ती पूर्ण दिवसांची जन्मली. वजन पावणेतीन किलोच्या वर. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले तेव्हा सगळे म्हणाले, नवजात बाळांना कावीळ होतेच, कोवळ्या उन्हात ठेव. ते खोटंही नाही. बहुतेक बाळांची कावीळ आठ-दहा दिवसांत आपोआप उतरते. हिची उतरली नाही. चाळीस दिवसांचं न्हाणं झालं तरी डोळ्यांत हळद होती. आणि शी? पहिल्या काही दिवसांत पिवळी होती, मग फिकट होत गेली, मग अगदी पांढरट. मी पंधरा वर्षं हातात खडू धरलेला आहे. दुपट्यावरचा तो रंग खडूचा आहे हे मला दिसत होतं, पण त्याचा काही अर्थ असतो हे माहीत नव्हतं. लघवी उलट गडद, लंगोटावर पिवळे डाग पडायचे. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ बिनरंगी असते. ती डाग पाडू लागली आणि शी पांढरी पडली, तर एक दिवसही थांबू नये. दोन आठवडे उलटले तरी कावीळ टिकली, तर बाळ कितीही गुटगुटीत दिसो, रक्त तपासून बिलिरुबिन कोणत्या प्रकारचं वाढलं आहे ते पाहिलंच पाहिजे. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

आम्ही काय केलं? काविळीची माळ आणली. गळ्यात घातली की कावीळ उतरते तशी ती माळ लांब होते, असं सांगतात. माळ खरंच लांब झाली. ओल्या काड्यांची असते, काड्या वाळल्या की गाठी सैल होतात, एवढंच त्यातलं गुपित. पण आम्हाला वाटलं, गुण आला. त्या माळेने आमचे तीन आठवडे खाल्ले.

पुण्याला नेलं तेव्हा मुलगी अडीच महिन्यांची झाली होती. आजाराचं नाव निघालं बिलिअरी अट्रेशिया. यकृतात तयार होणारं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्या बंद झालेल्या असतात. पित्त आतच साचतं आणि यकृताला जाळत राहतं. जपानचे सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५०च्या दशकात यावर एक शस्त्रक्रिया शोधली. बंद नळ्या काढून टाकायच्या आणि बाळाच्याच लहान आतड्याचा एक वेढा यकृताच्या दाराशी नेऊन जोडायचा, म्हणजे पित्ताला वाट मिळते. आजही तीच करतात, तिला कासाईच म्हणतात. साठ दिवसांच्या आत झाली तर यश येण्याची शक्यता जास्त. आमची एक्याऐंशीव्या दिवशी झाली. अल्लाहच्या करमाने पित्त वाहू लागलं, शीला रंग आला. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं की यकृत आधीच बरंच कडक झालं आहे. वाट मोकळी झाली, पण पूर्ण नाही.

घरी सोडताना आहारतज्ज्ञ बाईंनी मला अर्धा तास समोर बसवून सगळं सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं, शिक्षिकेच्या सुबक अक्षरात. आणि घरी येऊन त्या वहीवर विश्वासच ठेवला नाही.

कारण वहीत लिहिलं होतं, सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू झालं की प्रत्येक वाटीत तेल घालायचं. काविळीच्या रोग्याला तेल? आपल्याकडे लहान मूलही सांगेल की कावीळ झाली की तेल-तूप बंद, हळद बंद, अंडं, गोश्त, मासे बंद. उकडलेलं खा, उसाचा रस प्या. आम्ही कराडकडचे. उसाच्या रसाला इथे तोटा नाही, श्रद्धेलाही नाही. सासूबाईंनी त्यांच्या तरुणपणी दोन दिरांची कावीळ याच परहेजाने उतरवलेली. शेजारणी, खालाजान, माझी स्वतःची अम्मी, सगळ्यांचं एकमत. मलाही मनातून तेच पटत होतं. वाटलं, बाईंनी सरसकट सगळ्यांना देतात तो सल्ला दिला असेल, किंवा ऐकताना माझंच काही चुकलं असेल. मध्ये मुलीच्या अब्बांची नोकरी बदलली, तपासणीच्या दोन तारखा हुकल्या.

सहाव्या महिन्यापासून मी तिला परहेजाचं अन्न दिलं. भाताची पातळ पेज, मुगाच्या डाळीचं वरचं पाणी, उकडलेला दुधी, भिजवलेल्या मनुकांचं पाणी, उसाचा रस. सगळं गाळून, सगळं बिनतेलाचं. ती चार चमचे घ्यायची आणि तोंड फिरवायची. आम्ही म्हणायचो, हलकं पचतंय तिला.

आणि वजन वाढत होतं! एका महिन्यात सहाशे ग्रॅम. सासूबाईंनी नियाज केली. परहेज लागू पडलं म्हणून मी हुकलेल्या तारखांचंही फार मनावर घेतलं नाही.

दहाव्या महिन्यात गेलो तेव्हा त्या बाईंनी वजनकाट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ड्रॉवरमधून कागदी पट्टी काढली, मुलीच्या डाव्या हाताच्या खांद्यापासून कोपरापर्यंतचा मध्य शोधला आणि तिथे दंडाभोवती गुंडाळली. अंगणवाडीत असते तीच पट्टी, लाल, पिवळी, हिरवी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची असते. दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरच्या वर असला तर हिरवा, साडेअकरापर्यंत पिवळा, त्याखाली लाल. ही पट्टी मी गावच्या अंगणवाडीत कितीदा पाहिली होती, तिच्यावर पालकसभेत बोललेही होते. माझ्या मुलीच्या दंडावर ती लाल आली. अकरा पूर्णांक दोन.

"मग वजन?" मी विचारलं.

बाईंनी मुलीच्या फुगलेल्या पोटावर हात ठेवला. "हे पाणी आहे. आणि वाढलेलं यकृत, वाढलेली प्लीहा. काट्याला हे कळत नाही. ताई, मुलगी उपाशी आहे."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी बी. एड.ला बालकाची वाढ आणि विकास हा विषय शिकलेली बाई, आणि माझी मुलगी माझ्याच घरात, भरलेल्या स्वयंपाकघराशेजारी, उपाशी होती.

त्या दिवशी मी सगळं पुन्हा विचारून घेतलं, या वेळी "का" सकट. पित्त हे आतड्यातल्या साबणासारखं असतं. चिकट भांड्यावर साबण जे करतो तेच ते तेला-तुपावर करतं, त्याचे बारीक थेंब करतं, तेव्हा कुठे ते अंगाला लागतात. पित्त कमी पडलं की स्निग्ध पदार्थ न पचता शीवाटे निघून जातात. जाताना अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वंही घेऊन जातात, कारण ती स्निग्धातच विरघळतात. अ गेलं की डोळे, ड गेलं की हाडं, ई गेलं की नसा, आणि के गेलं की रक्त गोठत नाही, साध्या धक्क्याने काळेनिळे डाग पडतात. म्हणून ही चार जीवनसत्त्वं रोज औषध म्हणून द्यावी लागतात. "फळं खातेय ना, मग कशाला थेंब" हे इथे चालत नाही.

मग तेल बंद करणंच शहाणपणाचं नाही का? मीही हेच विचारलं. नाही, कारण आजारी यकृत असलेल्या बाळाची गरज कमी होत नाही, वाढते. निरोगी बाळाला जेवढे उष्मांक लागतात त्याच्या सव्वा ते दीडपट याला लागतात. आणि पोटात जागा मात्र कमी, कारण मोठं झालेलं यकृत आणि पाणी जठराला दाबून ठेवतात. चार चमच्यांत मूल तृप्त झाल्यासारखं तोंड फिरवतं ते त्यामुळे. त्या चार चमच्यांत पेजेचं पाणी द्यायचं की ताकदीचं अन्न, एवढाच प्रश्न असतो. एका चहाच्या चमच्याएवढ्या तेलात चाळीसहून जास्त उष्मांक असतात. उसाच्या रसात साखर आणि पाणी, ना प्रथिन, ना स्निग्ध. साध्या काविळीतही तेल तोडण्याची गरज नसते. तो रोगी मोठा माणूस असतो, दोन-तीन आठवड्यांत बरा होतो, म्हणून परहेज खपून जातं. सासूबाईंचे दोन्ही दीर परहेजाने बरे झाले नव्हते, परहेज करूनही बरे झाले होते. वर्षानुवर्षं चालणाऱ्या यकृताच्या आजारात, वाढत्या वयाच्या बाळाला तेच परहेज म्हणजे रोज थोडं थोडं उपाशी ठेवणं.

आता कोणतं तेल ते सांगते, कारण आमच्या घरी खरी लढाई त्यावर झाली. काही स्निग्ध पदार्थांचे कण आखूड साखळीचे असतात. त्यांना पित्ताचा साबण फारसा लागत नाही, ते आतड्यातून थेट रक्तात आणि यकृताकडे जातात. असं खास तेल मिळतं, त्याला एमसीटी तेल म्हणतात. ते असलेले दुधाचे डबेही मिळतात. दोन्ही महाग. आमची परिस्थिती ऐकून बाईंनी थोडं एमसीटी आणि बाकी खोबरेल तेल असा मेळ घालून दिला. खोबरेल तेलात अशा आखूड-मध्यम साखळीचे स्निग्धांश इतर स्वयंपाकाच्या तेलांपेक्षा बरेच जास्त असतात. ते एमसीटीची पूर्ण बरोबरी करत नाही, पण पुष्कळ काम करतं.

आमच्या घाटावर खोबरेल तेल डोक्याला लावतात. ते पोटात घेतात हे आम्हाला ठाऊक नाही. मी मऊ खिचडीच्या वाटीत दोन चमचे घातले तेव्हा सासूबाईंनी वाटीच उचलून घेतली. "डोक्याचं तेल चारतेस पोरीला?" दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझी धाकटी जाऊ रत्नागिरीहून माहेरपण आटोपून आली. तिने वाटीचा वास घेतला आणि म्हणाली, "अम्मा, आमच्या आजीच्या स्वयंपाकात हे तेल असायचंच." तिच्या सांगण्याने जे झालं ते माझ्या वहीने होणार नव्हतं. (मात्र तेल खाण्याचं म्हणून विकलेलंच घ्यावं. केसांसाठी सुगंध घातलेलं नव्हे.) एमसीटी तेलात तळायचं नसतं, ते शिजलेल्या अन्नात वरून कालवायचं. आणि फक्त याच तेलांवर राहूनही भागत नाही. मेंदूच्या वाढीला लागणारे काही स्निग्धांश त्यांत नसतात, म्हणून रोज थोडं सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं तेलही हवंच.

हळद परत आली. अंडं आलं, आधी पिवळं, मग सगळं. बारीक वाटलेला खिमा, काटे काढलेला मासा, दही, भाजलेल्या शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट, डाळीचं वरचं पाणी नव्हे तर खालची डाळ. प्रथिनांबद्दलही मोठी भीती असते. यकृत खराब असलं की प्रथिनांनी डोक्यात विष चढतं, असं आमच्या एका नातेवाइकांनी मोबाइलवर वाचून सांगितलं. यकृत अगदी निकामी होऊन रोगी गुंगीत जातो तेव्हा डॉक्टर काही काळ प्रमाण ठरवून देतात, ती गोष्ट वेगळी. एरवी या मुलांना प्रथिनं कमी नव्हे, जास्तच लागतात. आमच्या मुलीला त्या वयात किलोमागे रोज तीन ग्रॅमच्या वर सांगितली होती. दंडावरचं मांस दुसऱ्या कशाने भरणार?

खरं परहेज एकच होतं, मिठाचं. पोटात पाणी होतं तोवर वरून मीठ नाही, पापड, लोणचं, वेफर, खारी, सुकी मासळी नाही. गंमत म्हणजे हे परहेज पाळायला लोक तयार नसतात. तेल घालू नका म्हणणारेच पाहुणे येताना हातात वेफरचं पाकीट घेऊन यायचे.

तपासणीत डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला, दूध कोणत्या भांड्यात तापवता? मला विचित्र वाटला. आमच्याकडे सासूबाईंच्या लग्नातलं पितळी पातेलं होतं, दूध त्यातच तापायचं आणि त्यातच राहायचं. कल्हई कधी केली होती कुणास ठाऊक. तांबं शरीराबाहेर जातं ते मुख्यतः पित्तावाटे. पित्त अडलं की तांबं यकृतात साचतं. म्हणून या मुलांना तांब्या-पितळेतलं दूध-पाणी नको. मग डॉक्टरांनी एका जुन्या आजाराबद्दल सांगितलं. पूर्वी आपल्या देशात एक ते तीन वर्षांची मुलं यकृत कडक होऊन दगावायची. त्याला इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस म्हणत. १९८०च्या दशकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर याचा माग काढला, तेव्हा दिसलं की अनेक घरांत बाळाला फार लवकर गाई-म्हशीचं दूध सुरू झालेलं होतं आणि ते बिनकल्हईच्या पितळी भांड्यात तापवलेलं असायचं. आईच्या दुधात तांबं अगदी थोडं असतं. पितळेतल्या दुधात ते कितीतरी पट उतरतं. घराण्यातला काही दोषही सोबत असावा असं मानतात. पण स्टीलची भांडी घरोघर आली आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

हे ऐकताना मला माझे दादा आठवले. ते कल्हईवाले होते. आमच्या मोहल्ल्यातल्या तीन-चार घरांचा तोच धंदा. भाता, नवसागराचा धूर, आणि काळ्या भांड्यात कापसाच्या बोळ्याने फिरवलेली चांदीसारखी कथिलाची झिलई. लोक पैशासाठी घासाघीस करायचे, कल्हई पुढच्या वर्षी करू म्हणायचे. दादांनाही कळत नसेल की ते किती यकृतं झाकत होते. सासूबाईंनी ते पातेलं आता माळ्यावर ठेवलं आहे. मोडीत काढू देत नाहीत.

वाचक भगिनींना आणखी काही किरकोळ पण कामाच्या गोष्टी सांगते. आपल्याकडे बाळाला तहनीक करताना खजूर चघळून टाळूला लावतात, काही घरांत मध चाटवतात. मध एक वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला देऊ नये, त्यातल्या जंतूंच्या बीजांनी तान्ह्या बाळाला घातक विषबाधा होऊ शकते. खजूर मऊ करून बोटाने लावली तर सुन्नतही होते आणि धोकाही टळतो. कॅप्सूलच्या आवरणातल्या जिलेटिनबद्दल मला शंका होती. आमच्या मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, थेंब मिळत असतील तर थेंब घ्या, नसतील मिळत तर मुलीचं औषध थांबवू नका. थेंब मिळाले. आणि माझ्या मुलीचा आहार वाचून दुसऱ्या मुलाला लावू नका. यकृताचे आजार अनेक असतात. एकात दूधच विष असतं, एकात फळांची साखर चालत नाही. आधी निदान, मग वाटी.

एवढं करूनही दंड भरेना. तेव्हा नाकातून नळी घालायचं ठरलं. रात्रभर पंपाने थेंब थेंब दूध पोटात जाणार. मी खूप रडले. नळी म्हणजे शेवटची घटका असंच आपल्या मनात असतं. गल्लीत बातमी पसरली, बायका भेटायला येऊ लागल्या, तशा बसू लागल्या जशा पुरसा द्यायला बसतात. त्यांना सरबत देऊन वाटेला लावण्याचं काम मुलीच्या अब्बांनी केलं. मी वहीत रकाने आखले, किती गेलं, किती ओकली, शीचा रंग, दंडाचा घेर. पहिल्या आठवड्यात काही नाही. पाचव्या आठवड्यात पट्टी पिवळ्यात आली. साडेतीन महिन्यांनी नळी काढली तेव्हा बारा पूर्णांक सहा होतं. पहिली हिरवी रेघ. त्या पट्टीवर मी तारीख लिहून कुरआनशरीफच्या कपाटात, पण खालच्या कप्प्यात, ठेवली आहे.

हे मांस कशासाठी हवं होतं तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. कासाई झालेल्या पुष्कळ मुलांना पुढे कधीतरी यकृतरोपण लागतं. आपल्या देशात लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृतरोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं. त्या मुलालाही हाच आजार होता, यकृताचा तुकडा त्याच्या वडिलांनी दिला, आणि तो मुलगा मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला. जी मुलं ऑपरेशनच्या टेबलावर हाडांचा सापळा होऊन जातात त्यांचं कठीण असतं, भरलेली जातात त्यांची तरून जाण्याची शक्यता वाढते. माझ्या मुलीला अजून ते लागलेलं नाही, अल्हम्दुलिल्लाह. तिचं स्वतःचं, जखमी यकृत आठ वर्षं चाललं आहे. दर तीन महिन्यांनी रक्त, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. तिच्या अब्बांचा आणि तिचा रक्तगट एक आहे, हे आम्हाला माहीत आहे. त्यावर आम्ही बोलत नाही.

आता त्या रात्रीच्या खिरीबद्दल. निरोगी यकृत दिवसाच्या खाण्यातली साखर कोठारात ठेवतं आणि रात्री झोपेत ती थोडी थोडी सोडतं, म्हणून आपण रात्रभर न खाताही तगतो. यकृत कडक झालं की कोठार लहान होतं. अशा रोग्याला एका रात्रीत तेवढा ताण पडतो, जेवढा निरोगी माणसाला दोन-तीन दिवसांच्या उपासाने. कोठार रिकामं झालं की शरीर स्वतःचं मांस मोडून खाऊ लागतं. म्हणून झोपण्यापूर्वी पिठूळ, प्रथिनाचा घास, आणि सकाळी उठल्याउठल्या नाश्ता. माझी मुलगी रोज रात्री रोजाच ठेवते, तोही सेहरीविना. ही खीर म्हणजे तिची सेहरी.

हे माझ्या डोक्यात आलं आणि मग मला तिच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. दुसऱ्या दिवशी मी तिला जवळ घेऊन सांगितलं की लहान मुलांवर रोजे फर्ज नाहीत, आजारी माणसाला तर खुद्द अल्लाहने कुरआनात सूट दिली आहे. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. शमा आपाने मकतबात सांगितलंय. पण मला पण उठायचंय."

म्हणून यंदा पहिल्या सेहरीला मी तिलाही उठवलं. तिच्या दादीने तिच्यासाठी वेगळा पराठा केला, खिमा भरून, आणि माझ्याकडे न बघता वर चमचाभर खोबरेल तेल सोडलं. सगळ्यांबरोबर तिने नियत ऐकली, फज्रची अजान होईपर्यंत खाल्लं, पाणी प्यायली, चारही थेंब घेतले. मग झोपली. सात वाजता उठली आणि म्हणाली, "अम्मी, नाश्ता."